चवीपुरते मीठ

दिवाळी अंकातल्या समीक्षेच्या पंगतीत कादंबरी, कविता आणि नाटक यांचे पाट-रांगोळी ठरलेले असते. अलीकडे आत्मचरित्रालाही कडेचा एक पाट मिळू लागला आहे. पण मराठी घरात ज्या पुस्तकाची पाने सर्वांत अधिक वेळा उलटली जातात, ज्यावर तेलाचे बोट आणि हळदीचा डाग नसेल तर ते वाचलेच गेले नाही असे खुशाल समजावे, त्या पाकशास्त्राच्या पुस्तकाला या पंगतीत कोणी बोलावीत नाही. त्याचे काम स्वयंपाकघरात. चारचौघांत बसायला ते बाहेर आलेच कशाला, असा काहीसा आपल्या टीकाकारांचा भाव दिसतो. रांधणाराने शेवटी जेवावे ही रीत आपण माणसांप्रमाणे पुस्तकांनाही लावली आहे.

मी ही पुस्तके पुष्कळ वर्षे वाचीत आले आहे. ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून वाचते, आणि दुपारी जरा आडवी झाले की कादंबरीसारखीही वाचते. त्या वाचनातून माझे एक मत बनले आहे. स्वयंपाकाचे पुस्तक चांगले की वाईट हे त्यात पदार्थ किती यावर ठरत नाही, आणि मापे किती काटेकोर यावरही पुरतेपणी ठरत नाही. ओट्यापाशी एकट्या उभ्या असलेल्या माणसाला, पदार्थ होतो आहे की बिघडतो आहे, हे कळण्याच्या खुणा लेखिकेने दिल्या आहेत की नाहीत, यावर ते ठरते. या कसोटीला आपली पुस्तके सणावारी चांगली उतरतात. रोजच्या जेवणाच्या बाबतीत मात्र ती पुष्कळदा गप्प बसतात, आणि ते गप्प बसणे आता आपल्याला महागात पडू लागले आहे, अशी माझी तक्रार आहे.

ही परंपरा तशी जुनी. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, त्यात राजाच्या भोगांमध्ये अन्नभोगही आहे. पण तो राजाच्या पानाचा विचार. रांधणारे हात तिथे हुकमाचे ताबेदार. छापखाना आल्यावर १८७५ साली पुण्यात रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' निघाले. मराठीतल्या पहिल्या छापील पाकपुस्तकांत त्याची गणना होते, आणि ते पुरुषाने लिहिलेले आहे ही गोष्ट गंमतीची असली तरी नवलाची नाही. लिहिता येणे आणि रांधता येणे या दोन विद्या त्या काळी बहुतेक घरांत वेगवेगळ्या माणसांकडे होत्या. त्या दोन्ही एका हाती आल्या तेव्हाच आपल्याकडे खरे पाकपुस्तक जन्मले. विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणीमित्र' लिहून हजार पाकक्रिया बायकांच्या हाती दिल्या, तेव्हा हा योग जुळू लागला होता.

पण बाईने लिहिले म्हणून ते शिकवणारे झाले, असे होत नाही. माझ्या आत्याची एक वही माझ्यापाशी आहे. शाळेची, रेघांची, पाठीमागे पाढे छापलेली. त्यात पन्नासेक पदार्थ आहेत. पुरणपोळीच्या नावाखाली पंचवीस पानांना हरभऱ्याची डाळ किती, गूळ किती, वेलदोडे किती, एवढे नीट मांडले आहे आणि खाली लिहिले आहे, 'बाकी नेहमीप्रमाणे'. चकलीखाली 'भाजणी एक शेर, मोहन अदपाव', बस्स. आत्याचे काहीच चुकलेले नाही. ती वही तिने स्वतःसाठी लिहिली होती. हाताला येत होते ते सगळे; आठवणीला दगा द्यायची शक्यता होती ती फक्त आकड्यांची, म्हणून आकडे टिपून ठेवले. माहीत असलेल्या बाईने विसरू नये म्हणून लिहिणे हा एक प्रकार, आणि जिला माहीतच नाही तिच्यासाठी लिहिणे ही अगदी निराळी कला. आपली कितीतरी छापील पुस्तके मनाने अजून वहीच आहेत. मुखपृष्ठ रंगीत, आत बाकी नेहमीप्रमाणे.

जोवर घरात सासू होती, आई होती, चार जावा होत्या, तोवर वही पुरत होती. वहीत नसलेले सगळे पलीकडच्या चुलीपाशी बसलेले असे. पुढे बिऱ्हाडे लहान झाली, नोकरीच्या गावी नवराबायको दोघेच राहू लागली, आणि 'नेहमीप्रमाणे' म्हणजे कसे हे विचारायला माणूस उरले नाही. त्याच सुमारास मापेही बदलली. शेर, पावशेर, अदपाव, छटाक, तोळा ही वजने आणि चिपटे, मापटे, पायली ही धान्याची मापे गावोगावी थोडीफार वेगळी असत, पण त्या त्या घरात ती पक्की होती. १९५६ साली वजनमापांचा नवा कायदा झाला, १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पर्यंत ती सक्तीची झाली. वाण्याच्या दुकानात किलो आला, पण फळीवर तराजू कुणाच्या घरी असणार? जुन्या पुस्तकातला अदपाव नव्या सुनेला कळेना आणि नव्या पुस्तकातले ग्राम तिला मोजता येईनात.

अशा वेळी, १९७० साली, कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले. चौथीपर्यंतच शिकलेल्या, लग्नानंतर सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक शिकलेल्या या सांगलीच्या बाईंनी जे केले, ते आज इतके साधे वाटते की त्यातली प्रतिभा दिसत नाही. त्यांनी सगळ्या पदार्थांना वाटी आणि चमचा ही मापे दिली. घराघरांत ज्या वस्तू आहेतच त्यांनाच त्यांनी तराजू केले. लाखाहून अधिक सुनांची सासू असे त्यांना कौतुकाने म्हटले गेले. नवी बिऱ्हाडे मांडणाऱ्या मुलींच्या सामानात, एवढेच काय, परदेशी निघालेल्या मुलींच्या बॅगांतही हे पुस्तक गेले. १९९९ साली कमलाबाई निवर्तल्या, तरी अनेक घरांत त्यांचा शब्द अजून शेवटचा असतो.

वाटीवर आक्षेप घेणारे पुष्कळ भेटतात. तुमची वाटी मोठी, माझी लहान, मग माप कसले? अमेरिकेत फॅनी फार्मर या बाईंनी १८९६ च्या आपल्या पुस्तकात सपाट भरलेला कप आणि सपाट चमचा यांचा आग्रह धरला, आणि तो कप ठरावीक मापाचा असतो, असा दाखला हे लोक देतात. दाखला खरा आहे, पण त्यांना वाटीचे मर्म कळलेले नाही. वाटी हे वजन नव्हेच. ते प्रमाण आहे. एक वाटी रवा, तर त्याच वाटीने इतकी साखर आणि इतके पाणी, असे म्हटले की वाटी केवढीही असो, शिरा साधतो. फक्त तो दोघांना पुरेल की पाचांना, एवढाच फरक. घरातली वाटी बदलली तरी नाते बदलत नाही. सांगलीच्या स्वयंपाकघरातून निघालेले माप परदेशातल्या ओट्यावरही चालले, त्याचे कारण हे आहे.

अर्थात वाटीला मर्यादा आहेत, आणि टीकाकाराने त्या सांगितल्या पाहिजेत. जिथे मोजून घ्यायच्या वस्तू येतात तिथे नाते ढळते. 'एक नारळ', 'चार मिरच्या', 'दोन लिंबे' हे शब्द वाटीच्या हिशेबात बसत नाहीत, कारण वाटी लहानमोठी झाली तरी नारळ आपल्या जागी तेवढाच राहतो. मिरचीची तर जात कळल्याशिवाय संख्येला अर्थच नाही. लवंगी चार आणि ब्याडगी चार यांत जेवणाऱ्याच्या डोळ्यांतल्या पाण्याइतके अंतर आहे. चमच्याचीही तीच कथा. शिगोशिग भरलेला की सपाट, हे स्पष्ट नसेल तर सोड्याच्या बाबतीत पदार्थ हातचा जातो.

आणि मीठ. 'चवीपुरते मीठ' या दोन शब्दांवरून आपल्या पाकपुस्तकांची थट्टा करण्याची पद्धत पडली आहे. मी त्या शब्दांची बाजू घेणार आहे, पण अर्धीच. जुन्या घरात खडे मीठ असे, आज बारीक असते. चमचाभर खड्याचे मीठ आणि चमचाभर बारीक मीठ यांचे वजन सारखे नसते, त्यामुळे आकडा दिला तरी तो फसवा ठरण्याचा संभव. शिवाय आमटी उकळत असताना पळीभर तळहातावर घेऊन चाखता येते. जिथे चाखता येते तिथे चवीपुरते म्हणणे हा प्रामाणिकपणा आहे. पण लोणच्याला कोणी चवीपुरते मीठ सांगितले, तर ते पुस्तक मी मिटून ठेवते. लोणच्यातले मीठ चवीसाठी नसते, ते टिकण्यासाठी असते. घालताना चाखून खारट लागले म्हणून कमी केले, तर पावसाळ्यात बरणीवर बुरशी धरते. तिथे किती फोडींना किती मीठ हे सांगायलाच हवे, आणि ते जास्त वाटले तरी कमी करू नये, मुरल्यावर बरोबर होते, हेही सांगायला हवे. तेच दोन शब्द एका पानावर शहाणपणाचे आणि दुसऱ्या पानावर आळसाचे असतात. हा फरक ज्या लेखिकेला कळतो, तिने स्वतः केलेले लिहिले आहे असे समजावे. एकाच साच्याने सगळीकडे 'चवीपुरते' ठोकून दिले असेल, तर तिने दुसऱ्या पुस्तकातून उतरवले आहे.

मापापुढे खुणांचा प्रांत सुरू होतो, आणि इथे मराठी भाषा किती समृद्ध आहे हे पाहून थक्क व्हायला होते. पुरण झाले कसे ओळखावे? उलथणे मधोमध उभे राहिले की झाले. रवा भाजला कसा कळावा? वास सुटतो, आणि ढवळताना हाताला हलका लागू लागतो. लोणी कढवताना चरचर थांबते, बेरी तांबूस होते, की उतरवावे. पाकाची परीक्षा दोन बोटांत: एकतारी, दोनतारी, आणि पाण्यात थेंब टाकला तर गोळी होते तो गोळीबंद. तेल तापले की नाही हे पिठाचा कण टाकून पाहावे. तो लगेच वर आला पाहिजे. चकली तळून झाली की तिच्याभोवतीचे बुडबुडे ओसरतात. डोळा, नाक, कान, बोट, सगळे कामाला लावलेले आहेत. आणि क्रियापदे किती! परतणे निराळे, भाजणे निराळे, ढवळणे निराळे, घोटणे निराळे. आधणात पीठ वैरायचे असते, कणीक तिंबायची असते, सारण भरायचे असते, दूध आटवायचे असते, आणि पदार्थ मुरवायचा असतो. यातला एक शब्द बदलला तर हाताची हालचाल बदलते. 'मिक्स करून घ्या' या एका वाक्यात आज आपण यांतली निदान सहा क्रियापदे बुडवली आहेत. भाषेच्या ऱ्हासावर सभा भरवणाऱ्यांनी एकदा ओट्याकडे बघावे.

मध्येच एक व्याकरणाची गोष्ट सांगून टाकते. जुनी पाकपुस्तके 'घालावे', 'परतावे', 'उतरवावे' असे विध्यर्थात बोलतात. हा प्रयोग मला फार आवडतो. त्यात हुकूम नाही, सल्ला आहे. आणि क्रियापद पदार्थाच्या लिंगाप्रमाणे चालते, रांधणाऱ्याच्या नव्हे. त्यामुळे ज्या काळात लेखिकेच्या मनात फक्त सूनच होती, त्या काळातले वाक्यही आज तिच्या मुलाला जसेच्या तसे चालते. उलट आजच्या पुष्कळ लेखनात उघडताच 'मैत्रिणींनो' अशी हाक येते, आणि वसतिगृहात भात लावू पाहणारा मुलगा दाराबाहेरच राहतो. भाषा जुनी पण मन मोठे, असा हा प्रकार व्याकरणाच्या कृपेने घडला आहे.

आता दिवाळीच आहे, तर अनारशाचे उदाहरण घेऊ. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचे, उपसून सावलीत जेमतेम दमट राहतील इतके सुकवायचे, कुटून चाळायचे, गूळ मिसळून गोळे ठेवून द्यायचे, मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचे आणि उलटायचे नाहीत. एवढे बहुतेक पुस्तकांत असते. पण तुपात सोडताच अनारसा फुटून पसरला, आपल्या भाषेत तो हसला, तर काय करावे? खरी लेखिका इथे ओळखू येते. ती सांगते की गूळ जास्त झाला आहे किंवा पीठ सैल आहे, थोडी तांदळाची पिठी मिसळून एक करून पाहा. आणि उलट तो घट्ट, दडदडीत झाला तर पिकल्या केळ्याचा तुकडा किंवा किंचित दूध मळून घ्या. चकली साच्यातून पडताना तुटते, तर पीठ कोरडे आहे. तेलात विरघळते, तर मोहन जास्त झाले. एका पदार्थाची कृती एका परिच्छेदात मावते, पण तो बिघडल्यानंतरचे मार्ग सांगायला स्वतः चार वेळा बिघडवलेला असावा लागतो. इंग्रजीत एलिझा अ‍ॅक्टन या बाईंनी १८४५ साली घरगुती पाकशास्त्राचे पुस्तक काढले. साहित्याची मापे कृतीतून वेगळी काढून देण्याचा मान त्यांना देतात. त्याच बाई कृतीखाली आपली निरीक्षणेही जोडीत. त्या आधी कवयित्री होत्या, आणि नेमक्या शब्दाचा हव्यास त्यांनी स्वयंपाकघरातही सोडला नाही.

आपल्याकडे अनारसा, चकली, चिरोटे, पुरणपोळी, उकडीचे मोदक यांच्या बाबतीत ही खुणांची भाषा चांगली लिहून ठेवली गेली आहे. कारण उघड आहे. हे पदार्थ वर्षातून एकदा होतात, चारचौघांत वाटले जातात, बिघडले तर बभ्रा होतो. म्हणून विचारणारी विचारते आणि लिहिणारी लिहिते. माझी तक्रार इथूनच सुरू होते. वर्षाचे तीनशेपासष्ट दिवस. त्यांतले सणाचे किती? उरलेल्या दिवशी घरोघर जे शिजते, त्याच्या खुणा कुठे आहेत?

पिठल्यासारखी गोष्ट घ्या. बहुतेक पुस्तकांत त्याला चार ओळी मिळतात. फोडणी करून पाणी घालावे, उकळल्यावर बेसन लावावे, वाफ आणावी, संपले. पण गुठळ्या का होतात? एका हाताने पीठ वैरताना दुसरा हात थांबला म्हणून. कच्चा वास केव्हा जातो? पिठले फटफट उडू लागते, वर चकाकी येते, तेव्हा. पाणी किती? वाटीला तीन वाट्या घेतले तर भाताशी कालवता येते, कमी केले तर भाकरीशी खाता येते. कोकणात हेच कुळथाच्या पिठाचे होते, तेव्हा चव तर बदलतेच, पण पाण्याचा हिशेबही बदलतो. हे सगळे ज्यांना माहीत आहे त्यांना ते सांगण्याजोगे वाटत नाही, आणि ज्यांना माहीत नाही ते विचारायला लाजतात. पिठलेसुद्धा येत नाही, असे कोण म्हणवून घेईल?

भाकरीचे तर विचारूच नका. मी मराठी स्वयंपाकातल्या अवघड गोष्टींची यादी केली तर भाकरी अनारशाच्या वर येईल. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नाही. पाण्याच्या ऊबेवर आणि मळण्यावर सगळा खेळ. पीठ जुने झाले, त्याची विरी गेली, तर थापताना कडा फाटतात. मग आधणाचे पाणी घ्यावे लागते. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकते न सुकते तोच उलटायची. लवकर उलटली तर चिकटते, उशीर झाला तर भेगा पडतात आणि पुढे ती फुगत नाही. हा 'सुकते न सुकते' क्षण शब्दांत पकडणे हे कुठल्याही निसर्गवर्णनाइतके कठीण लेखन आहे. आमच्या पाकपुस्तकांनी तो प्रयत्न फारसा केला नाही, कारण भाकरी येतेच असे धरून चालले. कुणाला येते? शहरात जन्मलेल्या दोन पिढ्यांना आता येत नाही, आणि ज्या आजींना येत होते त्या एकेक करून जात आहेत. सणाचे पदार्थ मिठाईवाल्याच्या कृपेने का होईना, टिकतील. रोजचे जेवण लिहून ठेवले नाही तर ते कुणी विकतही देणार नाही. निदान ते आपल्या घरचे असणार नाही.

कमलाबाईंच्या पुस्तकाला हा दोष कमी लागतो, हे न्यायाने म्हटले पाहिजे. साध्या भाज्या, आमट्या, कोशिंबिरी त्यांनी हलक्या मानल्या नाहीत, आणि एकाच वाटीने मेजवानीचा पदार्थ आणि रोजची भाजी दोन्ही मोजल्या. त्यांच्यामागून आलेल्यांनी त्यांची वाटी उचलली, पण ही समदृष्टी उचलली नाही. पुढे पुढे पुस्तके 'पनीरचे प्रकार', 'चायनीज', 'केक आणि आइस्क्रीम' अशी वाटली गेली. त्यांचा राग नाही. नवे शिकायचे तर पुस्तक लागतेच. पण पनीरची पन्नास नावे आणि शेपूच्या भाजीला एक ओळ, हे प्रमाण वाटीने मोजले तरी चुकलेलेच आहे.

या मौनाचा आणखी एक थर आहे, आणि सणासुदीच्या अंकात तो टाळणे सोयीचे असले तरी मी टाळणार नाही. 'महाराष्ट्रीय स्वयंपाक' असे मुखपृष्ठावर छापले की आत महाराष्ट्रातली किती घरे असतात? आपल्या बहुतेक गाजलेल्या पुस्तकांतले स्वयंपाकघर पांढरपेशे आहे. तिथे तूप आहे, नारळ आहे, गोडा मसाला आहे. साखर संपलेली नाही. लिहिणाऱ्या बायका ज्या घरांतल्या होत्या, ती घरे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिली, यात त्यांना दोष देता येत नाही. पण त्या पुस्तकांनाच आपण साऱ्या प्रदेशाचे जेवण समजलो, हा वाचकांचा आणि टीकाकारांचा दोष आहे. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' निघाले. जेवणाआधीच्या श्लोकातले ओळखीचे शब्द उलटे करणारे हे नाव वाचूनच घास क्षणभर थांबतो. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचे खाणे, सांड्या-चान्यांपर्यंत, कृतींसह त्यांनी लिहिले. तेल-तुपाची चैन नसताना, जे हाती येईल त्यातून केलेला हा स्वयंपाक आहे. यात आठवण आहे, चीड आहे, आणि तरीही ते पाकपुस्तक आहे. माझ्या कसोटीवर मी ते उत्तम मानते. इथे रोजचे जेवण केंद्रस्थानी आहे. आणि पदार्थात अमुक एक गोष्ट का नाही, याचाही हिशेब दिलेला आहे. शिल्लक काय होते त्यावर कृती ठरते, हे आमच्या आजवरच्या पुस्तकांनी कुठे सांगितले होते? त्यांच्या कृतीत साहित्याची यादी आधी येते आणि बाजार नंतर. निम्म्या घरांत बाजार आधी येत असे.

दुर्गाबाई भागवतांनी 'खमंग'मध्ये खाण्याकडे संस्कृतीच्या अभ्यासकाच्या नजरेने आणि सुगरणीच्या हाताने, असे दोन्हीकडून पाहिले. पु. ल. देशपांडे यांच्या 'हसवणूक'मधला 'माझे खाद्यजीवन' हा लेख कोणाला आठवत नाही? पण या लेखनात खाणारा, आठवणारा, रमणारा माणूस पुढे असतो. ते वाचून तोंडाला पाणी सुटते, पण कुकर लावता येत नाही. आस्वादाचे लेखन आपल्याकडे भरपूर आणि उत्तम आहे. उणीव आहे ती रोज रांधणाऱ्याच्या सोबतीला बसणाऱ्या लेखनाची.

कुकरचे नाव निघाले म्हणून आठवले. १९५९ च्या सुमारास आपल्या देशात प्रेशर कुकर तयार होऊ लागले आणि काही वर्षांत पाकपुस्तकांना वेळेचे एक नवे माप मिळाले: शिट्टी. 'तीन शिट्ट्या कराव्यात.' घड्याळ नसलेल्या घरातही चालणारे, कानाने ओळखायचे माप. वाटीनंतर स्वयंपाकाच्या भाषेने कमावलेला हा दुसरा मोठा शब्द, आणि तो कुणा शास्त्रज्ञाने दिला नाही.

आता हातोहाती मोबाइल आहेत आणि प्रत्येक पदार्थाचे चलच्चित्र त्यात सापडते. मी तीही पाहते. चकली कशी वळली जाते हे हजार शब्दांपेक्षा पाहून लवकर कळते, यात वाद नाही. पण त्यात एक गोष्ट विचित्र घडते. दिसते आहे म्हणून सांगणारी व्यक्ती सांगायचे थांबते. 'असा रंग आला पाहिजे,' म्हणून ती कढई दाखवते; पण माझ्या पडद्यावरचा तांबूस आणि तिच्या कढईतला तांबूस एक असतोच असे नाही, आणि वास तर कुठल्याच पडद्यातून येत नाही. पुस्तकाला वास दाखवता येत नाही म्हणून ते त्याचे वर्णन करते. खोबरे भाजताना आधी गोडसर आणि मग, क्षणभर दुर्लक्ष झाले तर, जळकट तेलकट असा वास येतो, हे ज्या लेखिकेने लिहिले, तिने वाचणाऱ्याच्या नाकाला काम दिले.

मला हवे असलेले पुस्तक अजून कुणी लिहिलेले माझ्या हाती आलेले नाही. त्यात पुरणपोळी नसली तरी चालेल. ती दहा ठिकाणी आहे. त्यात एका माणसाचा वरणभात असावा, कारण आज एकटी राहणारी माणसे पुष्कळ आहेत आणि 'चार माणसांसाठी' हे माप त्यांना हिणवल्यासारखे वाटते. तूरडाळ शिजत नसेल तर काय, हे असावे. कालच्या पोळ्यांचा कुस्करा, उरलेल्या भाताला फोडणी, आंबट झालेल्या ताकाची कढी असावी. भाजी महाग असेल त्या आठवड्यात कडधान्याला मोड केव्हा काढायला ठेवायचे, म्हणजे गुरुवारी उसळ होईल, याचे वेळापत्रक असावे. नाचणीची, बाजरीची आणि ज्वारीची भाकरी एकाच हाताने थापून चालत नाही, हे तिन्ही ठिकाणच्या बायकांना विचारून लिहिलेले असावे. आणि प्रत्येक कृतीखाली 'बिघडले तर' असा मथळा असावा.

तोवर, दिवाळीत कुणाला पाकपुस्तक भेट द्यायचे असेल तर दुकानात उभ्या उभ्या गोडाची पाने उघडू नयेत. ती सगळ्यांची देखणी असतात. आमटीचे पान काढावे. चिंच-गूळ केव्हा घालायचे ते पाहावे. डाळ पूर्ण शिजल्यावर, असे तिथे स्पष्ट लिहिले असेल, आणि आंबट आधी पडले तर डाळ दडदडीत राहते हेही जाता जाता सांगितले असेल, तर पैसे द्यावेत.